माझ्या रजिस्टरातली केसरबाई

केसरबाईवर लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. गेल्या नोव्हेंबरात जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. आणि आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला उगाच मोठ्या मनाची समजायला नको: मला या बाईचा हेवा वाटतो. आजचा नाही, पस्तीस वर्षांचा आहे, आणि वय एकाहत्तर झालं तरी तो उतरलेला नाही.

मी सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत एकोणतीस वर्षं ग्रंथपाल होते. बी.ए., बी.लिब., दोन्ही पहिल्या वर्गात. दोन हजार बारा साली निवृत्त झाले. केसरबाई त्याच ग्रंथालयात शिपाई. शिक्षण सातवी. ती अजून नोकरीत आहे, येत्या मे महिन्यात सुटेल. माझ्या जागी पुन्हा कुणाला नेमलंच नाही. कागदावर इतिहासाचे एक सर ग्रंथालय पाहतात. म्हणजे सही सरांची आणि किल्ल्या केसरबाईच्या.

ती आली तेव्हा बावीस वर्षांची होती. नवरा त्रिंबक कापड गिरणीत, गिरणी आज चालू तर उद्या बंद, आणि पदरात प्रदीप. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी तिला माझ्याकडे पाठवलं, झाडलोट करील म्हणाले. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ही बाई पुस्तक पुसायच्या आधी उघडते, पानभर वाचते, मिटते आणि मग फडकं मारते. एका कपाटाला तीन दिवस. मी तिला म्हटलं, तुला धूळ पुसायला ठेवलंय. तर म्हणे, पुसते की बाई, पर आत काय हाय त्ये बघू नगं व्हय?

तिथपासून सुरू झालं. मधल्या सुट्टीत मुलं यायची ती माझ्या टेबलाशी नाही, तिच्या स्टुलाशी. मी त्यांना वर्गीकरण शिकवायची, क्रमांक बघून पुस्तक कसं शोधायचं ते फळ्यावर लिहून दाखवायची. ती नुसतं विचारायची, भुताचं पायजे का हसायचं पायजे? आणि हात घालून पुस्तक काढायची. मी तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या सूचीची, कार्डं लिहीत बसले, चार हजार कार्डं, वळणदार अक्षरात. एकाही मुलाने त्यांतलं एक कार्ड कधी ओढून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

तिच्या घरी लग्नपत्रिका येतात. माझ्याही येतात, पण त्या नातेवाइकांच्या. तिला येतात त्या जुन्या विद्यार्थ्यांच्या. एकदा आम्ही दोघी सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत होतो. सिग्नलवरचा पोलीस, चांगला दांडगा गडी, वाहतूक सोडून आमच्याकडे आला. मी ओळखलं, आमच्याच शाळेचा. मी चेहऱ्यावर हसू आणलं. त्याने मला नमस्कार मॅडम म्हटलं आणि खाली वाकून केसरबाईच्या पायाला हात लावला. सगळ्या सात रस्त्यासमोर. रिक्षात मी तिच्याशी बोलले नाही.

पण एक गोष्ट माझी होती, फक्त माझी. माझ्या काळात ग्रंथालयातलं एकही पुस्तक हरवलं नाही.

दर मे महिन्यात पडताळणी व्हायची. मी रजिस्टर घेऊन खुर्चीत बसायची आणि प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक पुकारायची. केसरबाई कपाटाशी उभी. पुस्तकाच्या पाठीवर तो क्रमांक दिसला की ती म्हणायची, हाय. मी लाल टिक करायची. आठ हजार पुस्तकं, दहा-बारा दिवस, बाहेर बेचाळीस डिग्री. माझा कुणावर विश्वास नव्हता, त्यामुळे अधूनमधून मी स्वतः उठून पाहायची: क्रमांक जागेवर आहे ना, आहे, टिक. ‘गहाळ’चा रकाना एकोणतीस वर्षं कोरा. संस्थेने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. कार्यालयाबाहेरच्या फलकावर ते अजून रंगवलेलं आहे.

हे फुकट झालेलं नव्हतं. माझा नियम होता: पुस्तक हरवलं तर तेच पुस्तक आणून द्यायचं, नाहीतर शाळा सोडल्याचा दाखला मिळणार नाही. दाखल्याआधी ग्रंथालयाची सही लागायची आणि ती मी देत नसे. पोरं रडायची. आईबाप हात जोडायचे. मी हलले नाही. आणि बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत पुस्तक सापडायचं. केसरबाई म्हणायची, घावलं बाई, दुसऱ्या फळीवर गेलतं. मी पोराला सुनवायची, बघ, नीट शोधलं की सापडतं.

आता गेल्या नोव्हेंबरकडे येते.

आमच्या शेजारच्या गंगम्माची नात सिद्धेश्वरी. घरात कन्नड, शाळेत मराठी, आमच्याच शाळेची मुलगी. ग्रंथालयशास्त्र घेतलं, मला वाटलं माझ्याकडे बघून घेतलं. गेल्या वर्षी ती पुढच्या शिक्षणाला आयर्लंडमध्ये, डब्लिनला गेली. तिचं शिफारसपत्र मी लिहिलं, दोन पानी. दिवाळीच्या फराळाचा डबा द्यायला गंगम्मा आली आणि बोलता बोलता म्हणाली, सिद्धूचं शाळेचं काम जोरात चाललंय म्हणे. मी विचारलं, कुठल्या शाळेचं? गंगम्मा माझ्याकडे बघतच राहिली.

“आपल्याच शाळेचं की गं. तुला फोन न्हाई केला तिनं? केसरबाईला तर रोज करती.”

मी म्हटलं, केला असेल, माझा फोन बंद असतो. गंगम्माने हूं केलं. तिला सगळं कळतं.

प्रकार असा होता. सिद्धेश्वरीच्या वर्गात सगळे देशोदेशीचे. अभ्यासाचा भाग म्हणून प्रत्येकाने एका शाळेचं ग्रंथालय संगणकावर आणायचं, तिथे बसून, दूरवरून. तिने आपली शाळा निवडली. केसरबाई माझ्या रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून पाठवायची, ते सिद्धू तिकडे मराठीत भरायची. मग एकेका पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो जायचा, नोंदीशी जुळवला जायचा आणि इथे पुस्तकावर पट्ट्यापट्ट्यांचं स्टिकर लागायचं. रोज अडीचशे पुस्तकं. दुपारी दीडला, म्हणजे तिकडे सकाळी आठला, शंका विचारायला व्हिडिओ कॉल. सप्टेंबरअखेरीपासून हे चाललं होतं आणि मला पत्ता नाही. रजिस्टर माझं, अक्षर माझं, वर्गीकरण माझं, आणि फोन सातवी पास केसरबाईला.

दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता मी शाळेत हजर झाले.

केसरबाईने शाळेच्या टॅबला डस्टरचा टेकू देऊन माझ्या जुन्या टेबलावर उभा केला होता. शेजारी तिचा डबा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मला पाहून ती उठली, खुर्ची पुसून दिली. पडद्यावर सिद्धू होती आणि तिच्या मागून दोघं डोकावत होती, नायजेरियाची एक मुलगी आणि व्हिएतनामचा एक मुलगा. त्या मुलाने हात हलवला आणि म्हणाला, मावशी. एवढा एकच मराठी शब्द त्याला येत होता, आणि तोही तिच्यासाठी.

मी सिद्धूला सरळ विचारलं, मला का नाही सांगितलंस. आधी ती म्हणाली, तुम्हाला या वयात त्रास नको म्हणून. मी म्हटलं, खरं सांग. तिने मान खाली घातली. “बाई, तुम्ही पहिल्याच दिवशी रागावला असता. माझा सबमिशनचा दिवस ठरलेला आहे.”

बरं. मी विचारलं, राहिलंय किती. सिद्धू म्हणाली, जवळजवळ झालंच, फक्त शेवटचं कपाट, मावशी पंधरा दिवस करते करते म्हणतायत. मी केसरबाईकडे पाहिलं. ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, त्ये मी करते सावकाश. सावकाश म्हणजे काय? पंधरा दिवस म्हणजे काय? मला आतून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी हिच्याकडून अडलं आणि आता पदवीवाल्या बाईनेच पूर्ण करायचं. मी टॅब उचलला, चष्मा लावला आणि शेवटच्या कपाटाकडे गेले. खालच्या दोन फळ्यांवर चादर टाकलेली होती. केसरबाई मागून आली आणि म्हणाली, बाई, त्ये राहू द्या. आजवर तिने मला कधी अडवलं नव्हतं. मी चादर ओढली.

पहिलं पुस्तक घेतलं, क्रमांक अकराशे सत्तावीस. सिद्धूने तिकडून वाचलं, भारताचा नकाशासंग्रह. माझ्या हातात होतं घरगुती कोंबडीपालन. मला वाटलं क्रमांकाची चिठ्ठी चुकून लागली. दुसरं, तेहतीसशे चाळीस. विज्ञानाचे सोपे प्रयोग, सिद्धू म्हणाली. आत सांधेदुखीवरचे उपचार. तिसरं, कामगार कायदे. जाडी तीच, उंची तीच, पुठ्ठ्याचा रंगसुद्धा मिळताजुळता, पाठीवर माझ्या अक्षरासारखा आकडा. सहा पुस्तकं उघडली. सातवं उघडायची गरज नव्हती.

पुस्तकं कुठली ते मला लगेच कळलं. गिरणी बंद झाली तेव्हा कामगारांच्या वाचनालयातली पुस्तकं तीन पोत्यांत भरून आमच्याकडे देणगी आली होती. सवडीने नोंदवू म्हणून मी ती माळ्यावर टाकायला लावली. ती सवड मला कधी झाली नाही. केसरबाईला झाली.

केसरबाईने माझ्या हातातून टॅब घेतला, सिद्धूला म्हणाली, पोरी, उद्या बोलू, आणि बंद केला.

“किती आहेत?” मी विचारलं.

“एकशे त्रेचाळीस. फळीफळीवरनं काढून हितं गोळा केली.”

“माझ्या रजिस्टरात ढवळाढवळ केलीस?”

“रजिस्टरला हात न्हाई लावला, बाई. पुस्तकास्नी लावला.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही? इतक्या वर्षांत?”

“सांगितलं असतं तर तुमी दाखला दिला असता?”

मी नाही म्हटलं. खरं तेच म्हटलं.

“मंग?” ती म्हणाली, आणि चादर घडी करायला लागली.

मी चालत घरी आले. रिक्षा केली नाही, कारण रिक्षात बसून राहवलं नसतं. माझा कोरा रकाना तिचा होता. शाल माझ्या खांद्यावर पडली, पण काम तिचं होतं. हे एक वेळ मी गिळलं असतं. दुसरं गिळवेना. एकशे त्रेचाळीस पोरांना हे माहीत होतं. त्यांच्या आईबापांना माहीत असणार. रडून गेलेली पोरं आठ दिवसांनी सही घ्यायला यायची, मी त्यांना नीट शोधण्यावर भाषण द्यायची, आणि ती मान खाली घालून ऐकायची. सात रस्त्यावरचा तो पोलीस का वाकला तेही आता कळलं. अर्ध्या सोलापूरला माहीत होतं, एक मला सोडून.

दुसऱ्या दुपारी सिद्धेश्वरीचा फोन आला. मला, पहिल्यांदा. बारा डिसेंबरला तिला अहवाल द्यायचा होता. त्या एकशे त्रेचाळीस नोंदींपुढे काय भरू, म्हणाली. उपलब्ध भरलं तर खोटं होईल. गहाळ भरलं तर ग्रंथपालाने रजिस्टरात तसं लिहून सही करायला हवी, आणि ते रजिस्टर तुमच्या काळातलं आहे. मग म्हणाली, किंवा शिपायाने पुस्तकं बदलली असा शेरा द्यावा लागेल, पण मावशींची पेन्शनची फाईल कार्यालयात गेली आहे. मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

त्यात मुख्याध्यापक विरेश सरांचाही फोन. पंधरा डिसेंबरला संगणकावरच्या ग्रंथालयाचं उद्घाटन, प्रमुख पाहुणी मी, आणि भाषणाची सुरुवात ‘एकोणतीस वर्षांत शून्य गहाळ’ अशी. पत्रिका छापायला टाकली होती.

मी तक्रार लिहिली. हो, लिहिली. अर्धं पान, स्वच्छ, मुद्देसूद. शिपाई केसरबाई यांनी माझ्या नकळत वेळोवेळी पुस्तकांची अदलाबदल केली. एवढं लिहून वाचून पाहिलं आणि ‘माझ्या नकळत’वर अडले. इतकी वर्षं नकळत? म्हणजे ही कसली ग्रंथपाल, जिने इतक्या वर्षांत त्यांतलं एक पुस्तक उघडून पाहिलं नाही, नुसती पाठ बघून टिक करत राहिली? ती तक्रार केसरबाईविरुद्ध राहिलीच नव्हती. ज्याच्या हातात कागद पडेल तो पहिल्यांदा मला हसेल. मी कागद फाडला. यात दया-माया काही नव्हती, कुणी तसं समजू नये.

मग शाळेत जाऊन विरेश सरांना सांगितलं, पत्रिकेतलं शून्य काढा. एकशे त्रेचाळीस पुस्तकं माझ्या काळात हरवली आहेत, मी रजिस्टरात लिहिते आहे. त्यांना काही समजेना. ते म्हणाले, बाई, इतक्या वर्षांनी कुणाला कळणार आहे?

“एकशे त्रेचाळीस जणांना आधीच कळलेलं आहे,” मी म्हटलं आणि ग्रंथालयात गेले.

चार दुपारी आम्ही बसलो. पडताळणीसारखंच, पण उलटं. केसरबाई स्टुलावर बसून एकेक पुस्तक उचलायची, क्रमांक पुकारायची, मी रजिस्टरात तो शोधून लाल शाईने ‘गहाळ’ लिहायची आणि सही करायची. पेन धरून बोटं दुखायला लागली. आणि ती नुसते क्रमांक पुकारून थांबत नव्हती. अकराशे सत्तावीस, प्रभुनं न्हेलं, टेंभुर्णीच्या स्टँडवर पिशवी चोरीला गेली, पुस्तकापरीस मार लई खाल्ला. बावीसशे बारा, शिवू, यंत्रमागाच्या तेलात पडलं. सतराशे सहा, राजाबाई, तिचं लगीन ठरलं, पुस्तक बी संगं गेलं, आता तिची पोरगी वाचती म्हणे. मला त्या पोरांचे चेहरेसुद्धा आठवत नव्हते. मला क्रमांक आठवत होते, प्रकाशनाचं वर्ष आठवत होतं, कुठल्या दुकानातून घेतलं ते आठवत होतं. तिला पोरं आठवत होती, आणि पोरांच्या मागची घरंसुद्धा. मी लिहीत होते आणि आतून धुमसत होते. ग्रंथालय मी चालवलं असं मला वाटत होतं. ही तिथे बसून दुसरंच एक चालवत होती, आणि त्याचं सभासदत्व मला नव्हतं.

मी शेऱ्याच्या रकान्यात नावं लिहायला लागले तेव्हा तिने हात आडवा घातला. नावं कशाला, म्हणाली, आता लेकुरवाळी झाली समदी. मी म्हटलं, नियमाप्रमाणे कुणाकडून हरवलं ते लागतं. ती म्हणाली, तुमच्याकडनं हरवलं म्हणूनच लिवताय न्हवं? मग कुणाचं नाव पायजे? नावाचा रकाना मी कोरा सोडला. नियम सोडल्याचं मला चार दिवस वाईट वाटत होतं.

शेवटच्या दुपारी पाच-सहा पुस्तकं राहिली होती. केसरबाईने एक उचललं, गिरणीच्या वाचनालयाचं, आरोग्यावरचं, आणि पुकारलं, तेवीसशे सहा. मी रजिस्टरात बोट फिरवलं. लोकरीच्या विणकामाचे नमुने, रंगीत चित्रांसह. मी ‘गहाळ’ लिहिलं आणि ती पुढे काय सांगते याची वाट पाहिली.

“हे कुणी नेलं?”

“ह्ये आठवंना, बाई.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. पुस्तकाच्या पाठीवरून फडकं फिरवत होती. एकशे अडतीस पोरं, त्यांची गावं, त्यांचे आईबाप, कुठल्या स्टँडवर आणि कुठल्या मागाखाली, सगळं जिला तोंडपाठ, तिला हे एक आठवत नव्हतं.

मला आठवलं. शहाण्णव साल. अकलूजला माझ्या बहिणीला मुलगी झाली, झबलं-टोपडं विणायचं म्हणून ते पुस्तक मीच नेलं. नोंद केली नाही, ग्रंथपालाने कशाला नोंद करायची. ते तिकडेच राहिलं. पुढच्या मे महिन्यात मी खुर्चीत बसून तेवीसशे सहा पुकारलं असणार, कपाटाशी उभी असलेली केसरबाई हाय म्हणाली असणार, आणि मी लाल टिक केली असणार.

म्हणजे पोरांसाठी केलं ते तिने माझ्यासाठीही केलं होतं. त्या पोरांना निदान माहीत तरी होतं. पुढे ती कुणाला हे बोलली नाही, मलासुद्धा नाही, आणि आजही बोलणार नव्हती. तिच्या त्या यादीत मी एक होते, प्रभु आणि शिवूच्या शेजारी. मला इतका राग आला की शाईचा थेंब रजिस्टरावर सांडला.

मी नावाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. सगळ्या एकशे त्रेचाळीस नोंदींत तेवढं एकच नाव आहे.

“लिवलं?” केसरबाईने विचारलं.

“लिहिलं.”

काय लिहिलं ते बघायला ती वाकलीसुद्धा नाही. फडकं खांद्यावर टाकलं, पुढचं पुस्तक उचललं आणि क्रमांक पुकारला.